पिवळी पावलं

ताई, बंदी झाली!

आपल्या बगीच्यात, पाण्याच्या टाकीजवळच्या छोट्या बगीच्यात आणि मंदिराच्या रस्त्यामधल्या हिरव्या पट्ट्यात, तिन्ही ठिकाणी घास मारायची, गवत जाळायची दवाई आता कोणी मारायची नाही. काल रविवारी सकाळी रहवासी संघाच्या सभेत ठरलं आणि आज फाटकावर पाटीसुद्धा लागली. सभा संपल्या संपल्या मी फाटकाकडे धावत सुटले. या वयात, साडी वर खोचून. बाहेर येऊन समोरच्या तुमच्या गॅलरीकडे पाहिलं, हात वर केला, तोंडही उघडलं. मग गॅलरीत सूनबाईंची ओढणी वाळत घातलेली दिसली आणि तुम्ही तिथे नाही हे आठवलं. हात तसाच वर राहिला. तो पाहून एक रिक्षावाला थांबला. "कहाँ चलना है, माताजी?"

काय सांगणार त्याला!

म्हणून वही काढली. तुम्हीच दिलेली. पुढच्या पानांवर घोळ, केना, माका, टाकळा असा रानपाला चिकटवलेला आहे आणि खाली माझ्या अक्षरात एकेकाचं नाव. चौथीनंतर मी पेन धरला तो या वहीसाठी. तुम्ही म्हणाला होतात, "सुमन, तू बोलत नाहीस तर निदान लिही. नाहीतर एवढी सगळी माहिती घेऊन सरळ स्मशानात जाशील." आधी तुम्हीच गेलात, ताई. दुपारी खुर्चीत पेपर वाचता वाचता. सूनबाई चहा घेऊन आल्या तर पेपर हातातच होता. आज सोळा दिवस झाले.

मागची पानं कोरी आहेत. त्यावर लिहिते.

आपली ओळख झाली तीही भांडणातच. म्हणजे भांडलात तुम्ही, मी नुसती ऐकत होते. वीज मंडळातून रिटायर होऊन तुम्ही नुकत्याच सकाळी बगीच्यात फिरायला येऊ लागला होतात. मी गुलाबाच्या वाफ्यात निंदणी करत होते. तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलात.

"अहो, हे का उपटता? किती छान निळं फूल आहे."

मी मान खालीच ठेवली.

"मराठी येतं ना? की हिंदीत विचारू?"

"येतं."

"मग सांगा की."

"केना आहे. गुलाबाचं खत खातो. घरी नेऊन भजी करते."

तुम्ही एवढ्या मोठ्यानं हसलात की पलीकडे योगासनं करणाऱ्या काकांचा श्वास सुटला. "म्हणजे आम्ही इथे फुलं बघतोय आणि तुम्ही भजी बघताय!" दुसऱ्या दिवशी तुम्ही डबा आणलात आणि म्हणालात, "याच्यात दे तो केना. आजपासून तुला अगंतुगं करणार, चालेल ना?" मला चाललं. त्यानंतर तुम्ही मला मौनीबाबा म्हणायला लागलात. "आज आमचे मौनीबाबा दोन वाक्यं बोलले," असं सगळ्या बाकाला सांगायचात. मला लाज वाटायची. घरी जाताना मात्र ती दोन वाक्यं कोणती ते मी आठवत जायची.

संकष्टीची दूर्वा ही आपली दोघींची खास गोष्ट होती. तुमच्या घरचा नेम, दूर्वा विकत घ्यायची नाही, आपल्या हातानं खुडायची. नळाच्या पलीकडचा कोपरा मीच तुम्हाला दाखवला. तिथे पाणी झिरपतं, म्हणून तीन पानांची कोवळी दूर्वा तिथे बारा महिने असते. तुम्ही चटई टाकून बसायचात, एकवीस मोजायचात, मध्येच कोणी नमस्कार केला की मोजणी चुकायची आणि पुन्हा एकपासून सुरू. खजराण्याच्या देवळात गर्दी असते म्हणून तुम्ही घरच्याच गणपतीला वाहायचात. मग मोदक घेऊन पुन्हा बगीच्यात यायचात, मला द्यायला.

मागच्या वर्षी मुन्ना भियाला तिन्ही बगीच्यांचा ठेका मिळाला. त्यानं आम्हा चार बायकांतल्या दोघींना काढलं आणि माझ्या पाठीवर पंप दिला. "खुरपी छोड़ो सुमन बाई, एक घंटे में सब साफ. अपना शहर एक नंबर है, एक तिनका फालतू नहीं दिखना चाहिए." खरं सांगते ताई, मला तेव्हा बरंच वाटलं. उकिडवं बसून बसून गुडघे गेले होते. उभ्यानं काम करायचं, पाणी मारत चालायचं, यात वाईट काय? हातमोजे मागितले तर म्हणाला, "दवाई है, जहर थोड़ी है."

आणि मग श्रावणातली ती संकष्टी.

सकाळी सहाला मी नळाच्या कोपऱ्यात पंप मारला. मुन्ना भियानं आदल्या दिवशी बोटानं दाखवलं होतं, इथून इथपर्यंत. मी विचार केला नाही. कोणत्या तिथीला काय असतं हे मला पाठ असतं, पण त्या दिवशी पाठीवर पंप होता आणि डोक्यात फक्त लवकर संपवायचं होतं. पंप धुवायला अवजारांच्या शेडकडे गेले. धुतला, वळले, तर तुम्ही चटई टाकून बसलेल्या. नेहमीपेक्षा लवकर. तुम्हाला सर्दी होती, वास आला नसणार. पानं ओली होती, ते तुम्हाला दव वाटलं असणार. तुम्ही खुडत होतात आणि पुटपुटत मोजत होतात.

मी चालायला लागले. हिरवळीवरून सरळ तुमच्याकडे. पंप धुतल्या पाण्यानं चपला चिंब होत्या. मनात वाक्य तयार केलं होतं, "ताई, काढू नका, मी आत्ताच दवाई मारली." तेवढंच. दहा पावलं राहिली असतील. तेवढ्यात फाटकातून मुन्ना भिया ओरडला, "ए सुमन! इधर आ, पाइप फट गया!" आणि मी वळले. बस, एवढंच झालं. त्यानं बोलावलं नसतं तर मी बोलले असते का, हे मी वर्षभर स्वतःला विचारते आहे. मला वाटतं, बोलावलं म्हणून मला सुटल्यासारखं झालं.

तुम्ही ती दूर्वा गणपतीला वाहिलीत. अकरा वाजता मोदक घेऊन आलात. मी खाल्ला.

आठवडाभरात कोपरा पिवळा पडला, आणि पावलंही उमटली! दवाईचं असं असतं हे मला तरी कुठे ठाऊक होतं? चपलेला लागलेली दवाई जिथे जिथे टेकली तिथलं तिथलं गवत मेलं होतं. शेडपासून निघालेली पिवळी पावलं हिरव्यागार हिरवळीवरून कोपऱ्याकडे जात होती, मध्येच थांबत होती, वळत होती आणि फाटकाकडे निघून जात होती. मुलं त्यांच्यावर पाय ठेवून उड्या मारत होती. "भूत के पाँव, भूत के पाँव!"

तुम्ही मुन्ना भियाला तिथेच धरलंत. मी दोन हातांवर झाडू मारत होते.

"ये क्या है, भिया?"

"अरे मैडम, कुत्ते ने गीला किया होगा."

"चप्पल पहनके?" तुम्ही म्हणालात. "अपना इंदौर सफाई में एक नंबर है, मानती हूँ. पर कुत्ते अब्भी यहाँ चप्पल नहीं पहनते."

सगळे हसले. मी झाडू त्याच जागी फिरवत राहिले. मग तुम्ही माझ्याकडे वळलात आणि मराठीत विचारलंत, "सुमन, पंप कोणी मारला गं त्या दिवशी?"

"माहीत नाही, ताई."

तुम्ही थोडा वेळ खाली पाहिलंत. मला वाटलं, गवताकडे पाहताय. "बरं," म्हणालात. "चल, चहा घेऊ."

त्या दिवसापासून तुमचे अर्ज सुरू झाले. काय ते अर्ज, ताई! तीस वर्षं मंडळात लोकांचे अर्ज वाचून तुम्हाला कळलं होतं की कोणत्या वाक्याला साहेब मान वर करतो. हिंदीत एक, इंग्रजीत एक, आणि अध्यक्ष जोशीकाका मराठी म्हणून त्यांना मराठीत वेगळा. बगीच्यात मुलं लोळतात, चिमण्या दाणे टिपतात, बायका पूजेची पत्री नेतात, तिथे हे का? उत्तर आलं नाही की तुम्ही दुसरा लिहायचात. "मी रिटायर आहे, मला घाई नाही," असं म्हणायचात. कोपऱ्यात मात्र रोज सकाळी चटई टाकून बसायचात, दूर्वा असो नसो. मुन्ना भियाची तिथे पंप लावायची हिंमत पुन्हा झाली नाही. पण बाकी सगळीकडे पंप चालूच होता, आणि तो माझ्याच पाठीवर होता. तुमच्यासमोर नाही. मी टाकीच्या बगीच्यात मारायची. तुम्ही तिकडे येत नव्हतात.

आपलं एक भांडण राहूनच गेलं. तुम्ही म्हणायचात, काहीच उपटू नका, सगळं वाढू दे, निसर्ग आहे. मी एकदा बोलले, तुम्हाला आठवत असेल, कारण तेव्हा मौनीबाबा एकदम चार वाक्यं बोलले होते. "ताई, गाजरगवत वाढू दिलं तर अर्ध्या कॉलनीला खाज सुटेल. उपटावं तर लागणारच, आणि फुलायच्या आधी. तुम्ही दवाई बंद करा म्हणता, बरोबर आहे. पण गुडघे माझे आहेत." दुसऱ्या दिवशी खुरपी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसलात. अर्धा तास काढलंत कसंबसं, त्यातही दोन झेंडू उपटलेत. मग उठता येईना. मी एक हात धरला, योगासनवाल्या काकांनी दुसरा. उभ्या राहिल्यावर तुम्ही म्हणालात, "हे मला कोणी अर्जात लिहायला का नाही सांगितलं?" आणि हसता हसता तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून की कशामुळे, मी विचारलं नाही. गाजरगवताचं मात्र तुम्ही शेवटपर्यंत मान्य केलं नाहीत. आजही माझंच बरोबर आहे, सांगून ठेवते.

दिवाळीला तुम्ही मला नवीन चपला दिल्यात. "त्या जुन्या टाकून दे," म्हणालात. "टाच कापलेली आहे, पडशील." मी नवीन चपला सणासुदीला ठेवल्या आणि कामाला जुन्याच वापरत राहिले. चांगली चप्पल चिखलात कोण घालतं?

आता कालचं सांगते. माझा हात भराभर चालत नाहीये, मन केव्हाचं पुढे गेलंय.

सभा बगीच्यातच होती, मधल्या घुमटाच्या छत्रीखाली. पोहे झाले, जिलेबी झाली. मी नळाशी ताटल्या धूत होते. जोशीकाका उभे राहिले आणि म्हणाले, "कुमुदताईंचा शेवटचा अर्ज त्यांच्या सूनबाईंनी मला आणून दिला आहे. जाण्याच्या आदल्या दिवशी सही केलेला आहे. तो वाचून मग ठरवू." आधी मुन्ना भिया बोलला. पावसाळ्यात घास किती वाढते, बाहेरचे लोक शहर बघायला येतात, हातानं काढायचं तर कोण काढणार. कोणी म्हणालं मच्छर होतील. बरेच जण माना डोलवत होते. मला वाटलं, गेलं. तुमच्याबरोबर तेही गेलं.

मग जोशीकाकांनी चष्मा लावला. मी नळ बंद केला. तुमचा आवाज नव्हता, पण वाक्यं तुमचीच होती. शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचून घेतलाय सूनबाईंकडून, म्हणून जसाच्या तसा लिहिते:

"गतवर्षी हिरवळीवर जी पिवळी पावलं उमटली ती लहान चपलेची होती व उजव्या पावलाच्या टाचेला काप होता. ती बाई माझ्याकडे येत होती. मला सावध करायलाच येत होती असं मी मानते, कारण दुसऱ्या कशासाठी कोणी ओलं गवत तुडवत येत नाही. तिला मध्येच बोलावून घेतलं गेलं. माझी तक्रार तिच्याविरुद्ध नाही. तिच्या हातात पंप देणाऱ्या पद्धतीविरुद्ध आहे. दवाई बंद करताना तिला कामावरून काढू नये, आणि जमल्यास तिला बसून निंदावं लागू नये."

ताई, तुम्हाला माहीत होतं! त्या दिवशी तुम्ही गवताकडे पाहत नव्हतात, माझ्या चपलांकडे पाहत होतात. वर्षभर माहीत होतं. चहा पाजलात, मोदक दिलेत, चपला दिल्यात आणि एका शब्दानं विचारलं नाहीत. माझी वाट पाहत होतात का? मी सांगीन म्हणून?

मुन्ना भिया म्हणाला, "किसके पाँव? एक साल पुरानी बात है, कोई सबूत है क्या?"

मला काय झालं कळलं नाही. मी उजव्या पायातली चप्पल काढली, हातात घेतली आणि सरळ छत्रीखाली गेले. बाई चप्पल घेऊन येतेय म्हटल्यावर मुन्ना भिया खुर्ची सोडून दोन पावलं मागेच सरकला! "अरे अरे, सुमन बाई, बैठ के बात करते हैं!" लोक हसायला लागले. मी चप्पल उलटी केली आणि टाचेचा काप सगळ्यांना दाखवला.

"ती पावलं माझी," मी म्हटलं. मराठीत म्हटलं, मग लोक बघत राहिले म्हणून हिंदीत. "मेरे पाँव हैं. दवाई मैंने मारी. दूर्वा पे मारी. ताई ने वो दूर्वा गणपती को चढ़ाई और मैंने बताया नहीं."

कोणी हसेना. पण माझं तोंड थांबेना. कुठे साठलं होतं एवढं? टाकीच्या बगीच्यात झोपाळ्याखाली मारली, हेही सांगितलं. हात धुतल्यावरही पोळीला वास येतो, हेही. मग शेवटी म्हटलं, "बंद करा, पण माझ्या गुडघ्यांवर बंद करू नका. काढलेल्या दोघींना परत घ्या. लांब दांड्याची खुरपी द्या, उभ्यानं चालते अशी. गाजरगवत आम्ही फुलायच्या आत काढू. आणि नळाचा कोपरा तसाच ठेवा."

एक तरुण मुलगी, मांडीवर बाळ घेऊन बसलेली, तिनं सगळ्यांत आधी हात वर केला. मग एकेक हात वर जाऊ लागला. योगासनवाल्या काकांनी दोन्ही वर केले, त्यांना सांगावं लागलं की एकच मोजला जाईल. जोशीकाकांनी तिथल्या तिथे वहीत लिहिलं आणि ज्यांना येत होती त्यांच्या सह्या घेतल्या. माझीही घेतली.

आज सकाळी पाटी ठोकायला मुन्ना भियाच आला. खिळा मारता मारता म्हणाला, "पहले बोल देती ना, सुमन बाई."

"सुनते क्या?"

तो हसला. "नहीं," म्हणाला. मग जरा वेळानं, "मैडम होती तो आज मेरी खैर नहीं थी." लांब दांड्याच्या खुरप्या उद्या येणार आहेत. चार, चौघींना.

तुम्हाला आधी सांगायचं ते मी एवढ्या लोकांना आधी सांगितलं, याचं वाईट वाटतं, ताई. आनंदही होतो आहे आणि वाईटही वाटतं आहे, दोन्ही एकदम. काल घरी आल्यावर मी भाजी चिरताना हसत होते आणि नाकही पुसत होते. मुलगी म्हणाली, आईला काय झालं?

उद्या संकष्टी आहे. सूनबाईंनी विचारलं, "सुमनताई, दूर्वा कुठून आणू? आई कुठून आणायच्या?" मी म्हटलं, मी आणून देते.

म्हणून आज काम संपल्यावर शेडपाशी गेले. पिवळी पावलं आता दिसत नाहीत, गवतानं सगळं भरून काढलंय. पण मला त्यातलं एकूण एक पाठ आहे. चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी तीच वाट चालले. जिथे वळले होते तिथे पाय थांबला, सवयीनं. फाटकातून कोणी हाक मारली नाही. मग पुढची दहा पावलं चालले. मोजली. अकरा निघाली.

तुमच्या चटईच्या जागेसमोर उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "ताई, काढू नका, मी आत्ताच दवाई मारली."

बाकावरच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. पाहू दे.

मग खाली बसले, गुडघे कुरकुरले, आणि एकवीस दूर्वा खुडल्या. मध्ये कोणीतरी नमस्कार केला. मोजणी चुकली. पुन्हा एकपासून सुरू केली.